एलिव्हेशन बाजूला ठेवा, आधी सेक्शन मागा

मोठ्या नगरप्रकल्पांचे आराखडे तपासणाऱ्या आणि मंजूर करणाऱ्या समित्यांच्या सन्माननीय सदस्यांना,

स. न. वि. वि.

मी ड्राफ्ट्समन होतो. सत्तावीस वर्षं आर्किटेक्ट मंडळींच्या कल्पनांना रेघा पुरवल्या. आधी बोर्डावर टी-स्क्वेअर लावून, पुढे संगणकावर. तुमच्यापुढे आलेल्या नकाशांपैकी काही माझ्या हातचे असतील. नकाशाच्या कोपऱ्यातल्या चौकटीत काढणाऱ्याची आद्याक्षरं असतात. ती कुणी वाचत नाही, त्यामुळे आपली ओळख असायचं कारण नाही. आता निवृत्त आहे, कुठे बिल अडकलेलं नाही, म्हणून जरा मोकळेपणाने लिहितो.

एका विकसकाच्या तीन शहरांत तीन वसाहती एकाच वेळी चालू होत्या. एक शहर समुद्रकाठचं, वर्षभर दमट. दुसरं कोरड्या पठारावरचं, दिवसा भाजणारं आणि रात्री गार पडणारं. तिसऱ्यात हिवाळा खरा हिवाळा. टॉवर मात्र एकच. मधोमध लिफ्ट आणि जिने, भोवती घरं, बाहेर १५ सेंटिमीटरची भिंत आणि तिला चिकटून सपाट काच. टिपिकल फ्लोअर, म्हणजे मजल्यामागून मजला तसाच येणारा नमुन्याचा मजला, मी एकदाच काढला होता आणि तिन्ही ठिकाणी तोच गेला. एका समितीने शेरा मारला, की इमारतींना स्थानिक ओळख नाही, दर्शनी भागात स्थानिक वास्तुशैलीचा समावेश करावा. शेरा ऑफिसात पोचला तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि सुधारित नकाशे सकाळी हवे होते. मी संगणकात नवा लेयर, म्हणजे नकाशावर हवा तेव्हा दाखवता किंवा लपवता येणारा थर, उघडला, त्याला नाव दिलं 'लोकल-१'. उरलेल्या दोन समित्याही हेच विचारणार असं धरून लगेच 'लोकल-२' आणि 'लोकल-३' उघडले. एकात जाळी, एकात कमानी, एकात गच्चीवर उतरत्या छपराचा मुकुट. रात्री अकराच्या आत काम संपलं. तिन्ही प्रकल्प मंजूर झाले.

जाळी कुठे बसली तेही सांगतो. खिडक्यांसमोर ती चालत नव्हती, कारण विक्रीखात्याला 'व्ह्यू' हवा होता. मग उरली एकच कोरी जागा, संडास-बाथरूमच्या पाइपांचा डक्ट. त्या डक्टच्या आंधळ्या भिंतीपुढे चौदा मजले उंचीची काँक्रीटची जाळी उभी राहिली. तिच्यातून वारा जात नाही, उजेड जात नाही, पलीकडे बघणारं कुणी नाही. पारवे मात्र खूश असावेत.

तुमच्या हेतूबद्दल शंका नाही. कुठल्याही शहराच्या नव्या भागात गेलं की आपण कुठे उभे आहोत हे पाट्या वाचल्याशिवाय कळत नाही, ही तक्रार खरी आहे. पण तुम्ही ओळख दर्शनी भागात, म्हणजे एलिव्हेशनमध्ये, मागता, आणि दर्शनी भाग ही इमारतीतली सगळ्यात स्वस्तात बदलता येणारी गोष्ट आहे. एका रात्रीत बदलते, वर सांगितलंच. वरून चिकटवायचीच ठरली तर ओळख जवळचीच कशाला हवी, कुठूनही आणता येते. शांघायने २००१ मध्ये शहराबाहेर नवी उपनगरं वसवायची योजना आखली. त्यातल्या एकाचं नाव थेम्स टाउन, आणि ते दिसतंही इंग्लंडच्या बाजारपेठेच्या गावासारखं. दक्षिण कोरियातल्या सोंगदो या नव्या शहराच्या मधोमध जे मोठं उद्यान आहे त्याचं नावच सेंट्रल पार्क, न्यूयॉर्कवरून. तिथे लोक राहतात, मुलं वाढतात, आणि उद्या त्यांना तेच आपलं वाटेल, त्याबद्दल नाक मुरडायचा मला अधिकार नाही. मात्र ज्या युक्तीने तिथे इंग्लंड आलं त्याच युक्तीने माझ्या जाळीत 'स्थानिकता' आली होती.

क्वालालंपूरचे पेट्रोनास टॉवर घ्या. सेझार पेली यांची रचना, १९९८ मध्ये पूर्ण, ८८ मजले, ४५२ मीटर. त्यांच्या स्थानिक ओळखीबद्दल सगळीकडे एकच गोष्ट सांगतात, की मजल्याचा आकार आठ टोकांच्या इस्लामी ताऱ्यावरून घेतला आहे. घेतला आहे, खरं आहे. पण तो तारा विमानातून किंवा नकाशावर दिसतो. आत बसलेल्या माणसाच्या टेबलावर पडणाऱ्या उन्हाशी त्याचा फारसा संबंध नाही. त्या उन्हाशी संबंध आहे तो प्रत्येक मजल्यावर खिडकीच्या वर काढलेल्या स्टीलच्या आडव्या सज्जांचा. विषुववृत्ताजवळच्या त्या शहरासाठी तो भाग मला ताऱ्यापेक्षा जास्त मलेशियन वाटतो. माहितीपत्रकं त्याच्याबद्दल क्वचितच बोलतात.

त्याच महानगराच्या उपनगरात, सुबांग जाया इथे, १९९२ ची एक छोटी इमारत आहे. मेनारा मेसिनियागा, पंधरा मजल्यांची, केन यांग यांची. तिच्यावर तारा नाही, कमान नाही, कुठलंही पारंपरिक चिन्ह नाही. पहिल्या नजरेत ती एखाद्या यंत्रासारखीच दिसते. पण लिफ्ट, जिने, स्वच्छतागृहं पूर्वेला ठेवली आहेत, म्हणजे सकाळचं ऊन आधी त्यांच्या भिंती झेलतात, आणि त्या जागांना खिडकीचा उजेड आणि वाराही मिळतो. पूर्व-पश्चिमेच्या खिडक्यांवर बाहेरून अॅल्युमिनियमच्या पट्ट्या आहेत. मोकळी काच आहे ती उत्तर-दक्षिणेला. आणि इमारतीला पिळा घालत वर जाणारे झाडांचे कट्टे. ही इमारत उचलून हेलसिंकीत ठेवली तर मूर्खपणाची ठरेल. मी याला कसोटी मानतो: इमारत दुसरीकडे नेऊन ठेवली तर ती चुकते का? माझे तिन्ही टॉवर कुठेही नेले असते तरी तितकेच चुकले असते.

आता सारखेपणा आला कुठून, हे थोडक्यात, कारण त्यात तुमचा हात आहे आणि तो कुणी दाखवत नाही. विलिस कॅरियर यांनी १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी हवेतला दमटपणा आवरणारी यंत्रणा बसवली, कारण दमट हवेत कागद फुगायचा आणि रंग एकावर एक नीट बसायचे नाहीत. माणसांच्या सोयीचा विचार नंतर आला. १९५९ मध्ये पिल्किंग्टन कंपनीने वितळलेल्या कथिलावर काच तरंगवून सपाट तावदान बनवण्याची पद्धत जाहीर केली आणि मोठी, निर्दोष काच स्वस्त झाली. या दोन गोष्टींनी पातळ, सपाट, बंद भिंत शक्य झाली. पण शक्य झालेली प्रत्येक गोष्ट सक्तीची होत नाही. ती सक्तीची झाली चटईक्षेत्राच्या, म्हणजे सगळ्या मजल्यांचं मिळून परवानगीत मोजल्या जाणाऱ्या बांधकामाच्या, हिशेबाने.

हिशेब साधा आहे, हवा तर पाटीवर करून बघा. २५ मीटर लांब आणि तितक्याच रुंद मजल्याचा घेर १०० मीटर. बाहेरची भिंत १५ ऐवजी ४५ सेंटिमीटर केली, किंवा खिडक्या तेवढ्याच आत घेतल्या, तर मजल्यामागे सुमारे ३० चौरस मीटर जातात. तीस मजल्यांचे झाले ९०० चौरस मीटर. ७५ चौरस मीटरचं एक घर धरलं तर बारा घरं. ज्या नियमात भिंतीची जाडी आणि सावलीची जागा विकाऊ क्षेत्रासारखीच मोजली जाते, तिथे जाड भिंत काढा असं विकसकाला सांगणं म्हणजे बारा घरं फुकट वाट असं सांगणं. तो कशाला वाटेल? तो कमान देईल. कमान भिंतीवर बाहेरून दहा सेंटिमीटरमध्ये बसते.

ज्या शहरांची ओळख आपण पोस्टकार्डावर बघतो, तिच्यातला मोठा वाटा कुणा कलावंताचा नसून तुमच्यासारख्या टेबलांचा आहे. पॅरिसची ती करड्या जस्ती पत्र्याची, तिरकी, वर खिडक्या काढलेली छपरं बघा. १७८३ पासून तिथल्या नियमांत इमारतीची उंची रस्त्याच्या रुंदीवर ठरे आणि ती कॉर्निसपर्यंत, म्हणजे भिंतीच्या माथ्यावरच्या पट्टीपर्यंत, मोजली जाई. १८५९ च्या नियमांनी रुंद बुलेव्हारांवर ही उंची २० मीटरपर्यंत नेली आणि वरचं छप्पर ४५ अंशांच्या रेषेच्या आत ठेवायला लावलं. उंची मोजणारा कॉर्निसपाशी थांबतो म्हटल्यावर मालकाने छपराच्या पोटात आणखी राहण्याची जागा काढली. तिरकं छप्पर तिथे आधीपासून होतं, पण शहरभर एकसारखं पसरलं ते या हिशेबामुळे.

हाँगकाँगचंही तसंच. तिथे ५० सेंटिमीटरपर्यंत बाहेर आलेली खिडकी चटईक्षेत्रात धरत नसत, म्हणून टॉवरच्या टॉवर त्या फुगीर खिडक्यांनी भरले. २००१ मध्ये पर्यावरणाच्या कारणाने बाल्कन्यांना सूट मिळाली, आणि ज्या शहरातल्या नव्या इमारतींतून बाल्कनी जवळपास नाहीशी झाली होती तिथे ती परत उगवली. आर्किटेक्टना अचानक बाल्कनीचं प्रेम वाटू लागलं असं नाही. तुमच्या परिपत्रकातली एक ओळ हजार इमारतींचं तोंड बदलते, आणि तरी तुम्ही आमच्याकडे एका टॉवरच्या तोंडावर चार कमानी मागता, याची मला गंमत वाटते.

मग मागायचं काय? सेक्शन. इमारत सुरीने उभी कापली तर जे दिसेल ते. त्यातही मला बाहेरच्या भिंतीचा मोठ्या मापातला सेक्शन म्हणायचा आहे, एकास वीसच्या प्रमाणातला, ज्यात भिंत, खिडकी, सज्जा, लादी, छत, पाणी कुठून येतं आणि कुठे टपकतं, सगळं दिसतं. नेहमीच्या पद्धतीत हा नकाशा मंजुरीनंतर, काम सुरू व्हायच्या तोंडावर निघतो, आणि तो काढतो माझ्यासारखा माणूस. तोवर सगळं ठरून गेलेलं असतं. तो पहिल्या बैठकीत मागा, आणि त्यावर वर्षातल्या सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात छोट्या दिवसाच्या सूर्यकिरणांच्या रेषा काढायला सांगा.

या रेषांत गाव असतं. सूर्य ६० अंशांवर, भिंतीच्या अगदी समोर असताना एक मीटरचा सज्जा भिंतीवर पावणेदोन मीटरच्या जवळ सावली पाडतो. तोच सूर्य ३० अंशांवर उतरला की सावली जेमतेम ५८ सेंटिमीटर. म्हणजे पश्चिमेच्या कलत्या उन्हापुढे सज्जा हतबल आहे. तिथे उभ्या पट्ट्या हव्यात, जाळी हवी (खिडकीपुढे, डक्टपुढे नव्हे), किंवा खोलीच मागे न्यायला हवी. कुठल्या अक्षांशावर, कुठल्या दिशेला, कुठल्या ऋतूत ऊन नको आणि कुठल्या ऋतूत हवं, यावर प्रत्येक भिंतीचं उत्तर वेगळं येतं. थंड देशात सज्जा छोटा होईल आणि काच मोठी. जिथे पाऊस आडवा मारतो तिथे खिडकीखालची पन्हळ आणि वळचणीचं नाक यांना महत्त्व येईल. हे खरोखर सोडवलं तर दोन शहरांतल्या दोन इमारती सारख्या दिसूच शकत नाहीत. त्यांना वेगळं दाखवायला माझ्या लेयरची गरज पडत नाही.

खोली मागे न्यायचं सगळ्यात चांगलं उदाहरण मुंबईत आहे, चार्ल्स कोरिया यांची कांचनजंगा, १९८३. त्या शहरात समुद्र आणि वारा पश्चिमेला, आणि भाजणारं ऊन आणि मारा करणारा पाऊसही पश्चिमेलाच. जिकडे तोंड करायचं तिकडूनच पाठ फिरवायची, असा पेच. जुन्या बंगल्यांनी तो घराभोवती व्हरांडा गुंडाळून सोडवला होता. कोरियांनी तोच व्हरांडा टॉवरच्या कोपऱ्यात दोन मजले उंच कोरून ठेवला. त्यांनी बंगल्याच्या कमानी किंवा कौलं उचलली नाहीत, बंगल्याची अक्कल उचलली. २८ मजल्यांची इमारत दुरून एक साधा पांढरा खांब दिसते, पण कोपऱ्यांतल्या त्या रंगीत खोबणींमुळे विसरता येत नाही. आणि एक गोष्ट, जी ड्राफ्ट्समन म्हणून मला फार आवडते: दोन मजले उंचीची बाल्कनी काचा लावून खोलीत ढकलणं सोपं नसतं. एक मजली बाल्कनी लोक पहिल्या वर्षीच बंद करतात, हे तुम्ही आणि मी दोघेही जाणतो.

यावर तुमच्यातलं कुणीतरी म्हणेल, आणि बरोबर म्हणेल, की कांचनजंगेत ३२ घरं आहेत, तीही श्रीमंतांची, आमच्यापुढे आठ हजार घरांची वसाहत आहे. मान्य. म्हणून स्वस्त उदाहरण देतो. ब्राझीलच्या दमट किनाऱ्यावर, रेसिफे शहरात, १९२९ मध्ये तीन भागीदारांनी काँक्रीटच्या पोकळ विटेचं पेटंट घेतलं. कोइम्ब्रा, ब्योकमान आणि गोइस, या आडनावांची पहिली अक्षरं जोडून तिचं नाव पडलं कोबोगो. वारा आत, ऊन बाहेर, आणि भाव विटेचा. तीस-एक वर्षांनी कोरं मैदान बघून ब्राझिलिया ही नवी राजधानी उभी राहिली तेव्हा तिथल्या सहा मजली इमारतींच्या मागच्या अंगाला, स्वयंपाकघर आणि कपडे वाळवायच्या बाजूला, हजारोंनी कोबोगो लागले. ब्राझिलियाला लोक कोरं, परकं, आखीव शहर म्हणून नावं ठेवतात आणि त्यात तथ्यही आहे. तरी त्या इमारतींच्या पाठी बघितल्या की आपण ब्राझीलमध्ये आहोत हे कळतं. पाठीवरची ती साधी पोकळ वीट कुणी ओळख म्हणून बसवलेली नव्हती.

दुसरं उदाहरण त्याहून विचार करायला लावणारं, कारण त्यात परंपरा नावाची गोष्टच नाही. सिंगापूरच्या सरकारी घरबांधणी मंडळाने १९७० च्या दशकापासून आपल्या इमारतींचा तळमजला सर्रास मोकळा ठेवला. नुसते खांब, छत आणि फरशी, नाव 'व्हॉइड डेक'. दिसायला अगदी रुक्ष. पण डोक्यावर सावली, पावसापासून आडोसा, लिफ्टकडे जाणाऱ्या प्रत्येकाची वाट तिथून. मग तिथे मलय लग्नं होऊ लागली, चिनी अंत्यविधी होऊ लागले, म्हातारे बुद्धिबळ मांडून बसू लागले. तीन-चतुर्थांशाहून जास्त रहिवासी अशा इमारतींत राहतात. आज सिंगापूरच्या माणसाला बालपण विचारलं तर व्हॉइड डेकचं नाव निघतं. ती जागा कुठल्या जुन्या वास्तुशैलीतून आली नाही. त्या हवेला आणि त्या लोकांना योग्य अशी रिकामी जागा सोडली गेली, आणि तिचं नंतर काय झालं ते लोकांनी ठरवलं. तुमच्या छाननीच्या तक्त्यात अशा रिकाम्या जागेला गुण आहेत का, मी शोधलं. कमानीला होते.

'स्थानिक' या शब्दाला मी स्वतः थोडा भितो, तेही लपवत नाही. इजिप्तमध्ये हसन फतींनी १९४५ मध्ये लक्सरजवळ नवं गुर्ना हे गाव मातीच्या विटांत उभारायला घेतलं. न्युबियन पद्धतीचे घुमट आणि कमानी, जाड भिंती, आतलं अंगण, गवंडीही पारंपरिक. माझ्या वरच्या सगळ्या कसोट्यांना उतरणारं काम. पण गावकरी जायला तयार झाले नाहीत. ते प्राचीन थडग्यांच्या टेकडीवर राहत होते, पोट त्या जागेवर होतं, आणि त्यांना हलवायचा निर्णय त्यांचा नव्हता. घुमट त्यांच्या डोळ्यांना कबरीसारखे दिसत, असंही नोंदवलेलं आहे. तेव्हा आर्किटेक्टला स्थानिक वाटतं ते राहणाऱ्याला परकं वाटू शकतं, आणि मातीची भिंत कितीही खरी असली तरी माणसाला विचारल्याची जागा ती घेत नाही.

दोहातल्या मशैरबबद्दल माझं मन असंच दुभंगलेलं आहे. शहराच्या मध्यातला ३१ हेक्टरांचा भाग, शंभरच्या आसपास इमारती, निरनिराळे आर्किटेक्ट. इमारती काढायच्या आधीच त्यांनी सगळ्यांसाठी एक सामायिक व्याकरण ठरवलं. गल्ल्या अरुंद, म्हणजे इमारती एकमेकींवर सावली धरतील. रस्त्यांची दिशा आखातावरून येणारा वारा आत घेईल अशी. रंग फिके, रस्त्याकडे उघडणाऱ्या खिडक्या मोजक्या. मोठ्या प्रकल्पात क्रम असाच हवा, कारण रस्त्याची दिशा ठरली की किती घरांना पश्चिमेचं ऊन लागणार तेही ठरलं, आणि पुढे कुठलाही आर्किटेक्ट ते फिरवू शकत नाही. पण त्या जागेवर आधीही वस्ती होती, दाट, जुनी, मुख्यतः स्थलांतरित कामगारांची. ती बहुतेक पाडली गेली. जुन्या दोहाची आठवण नव्या इमारतींत जपली, आणि जुन्या दोहात राहणारे बाहेर गेले. तुमच्या तपासणी-यादीत या गोष्टीसाठी रकाना असायला हवा, सेक्शनच्याही आधी. तो कसा असावा हे सांगण्याइतका मी शहाणा नाही. माझी हयात रेघा मारण्यात गेली.

देखभालीचं एक बोलतो. पॅरिसच्या अरब जगत संस्थेच्या दक्षिण भिंतीवर १९८७ मध्ये जाँ नुव्हेल यांनी मशरबियाची, म्हणजे जुन्या अरब घरांच्या लाकडी जाळीदार खिडकीची, आठवण करून देणारी २४० धातूची तावदानं बसवली. कॅमेऱ्यासारखी उघडमीट करणारी, उजेडानुसार आपोआप हलणारी. फार सुंदर आहेत. पण त्यांतल्या अनेकांची हालचाल पुढे थांबली, कारण लहान लहान मोटरी आणि पाती सांभाळणं हे वर्षानुवर्षांचं काम आहे. एका सांस्कृतिक इमारतीला ते शोभतं, परवडतं. आठ हजार घरांच्या वसाहतीत, जिथे लिफ्टच्या दुरुस्तीवरून सभासदांची भांडणं होतात, तिथे हलणारी जाळी मंजूर करताना पंधरा वर्षांनंतरचा मिस्त्री डोळ्यांपुढे आणा. त्याला ती उघडता येईल का? सुटा भाग जवळपास मिळेल का? कोबोगो फुटला तर दुसरा लावतात. मला वाटतं गावातल्या गवंड्याला दुरुस्त करता येणं हाही ओळखीचाच भाग आहे, आणि तो एलिव्हेशनमध्ये दिसत नाही.

म्हणून माझी विनंती अशी. छाननीच्या पहिल्या फेरीत रंगीत चित्रं घेऊ नका. संध्याकाळच्या सोनेरी उजेडातली, ओल्या रस्त्याची, फुगे धरलेल्या मुलीची ती चित्रं मीही बनवली आहेत. त्यांत ऊन नेहमी सोयीच्या बाजूने पडतं. त्याऐवजी रस्त्यांची दिशा, भिंतीचा सेक्शन आणि जमिनीलगतचे पहिले दहा मीटर एवढंच मागा. रस्त्यावरून चालणारा माणूस इमारतीपाशी येतो तिथे त्याला कुंपण भेटतं, गाड्या ठेवायचा उंच चौथरा, म्हणजे पोडियम, भेटतो, की सावलीतली बसायची जागा, ते या दहा मीटरांत कळतं.

चटईक्षेत्राच्या नियमात सावली मोजणं बंद करा. सज्जा, उभ्या पट्ट्या, भिंतीची ठरावीक मापापुढची जाडी आणि खरोखर उघडा राहणारा व्हरांडा, हे विकाऊ क्षेत्रातून वगळा. आम्ही पळवाटा शोधू, हे मी आमच्या बाजूचा माणूस म्हणून सांगतो. व्हरांडा म्हणून दाखवू आणि ताबा देताना काच लावू. म्हणून सूट मापाला बांधा: इतका खोल, इतका उंच, इतक्या बाजू उघड्या, आणि बंद केला तर क्षेत्र परत मोजणार. पॅरिसच्या ४५ अंशांसारखी एक स्वच्छ भूमितीची अट चार पानांच्या सौंदर्यविषयक मार्गदर्शक तत्त्वांपेक्षा आम्हाला जास्त आवरते.

आणि तो शेरा, 'स्थानिक वास्तुशैलीचा समावेश करावा', कृपा करून लिहायचा थांबवा. त्याऐवजी विचारा, की ही इमारत दुसऱ्या शहरात नेली तर काय बिघडेल. उत्तर 'काही नाही' असं आलं, तर नकाशे परत पाठवा. एवढ्याने ऑफिसात केवढा गोंधळ उडेल याची मला कल्पना आहे, कारण त्या प्रश्नाचं उत्तर रात्री अकरापर्यंत काढता येत नाही. टिपिकल फ्लोअर मोडावा लागतो.

त्या तीन टॉवरांची फाईल माझ्याकडे अजून आहे. त्यातले तिन्ही 'लोकल' लेयर बंद केले की पडद्यावर एकच इमारत तीनदा दिसते, खिडकीला खिडकी जुळते. एखाद्या बैठकीत दाखवायची असेल तर कळवा, मी घेऊन येईन. दोन मिनिटांचं काम आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त ड्राफ्ट्समन